निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि तीत प्रत्येकीने काहीतरी लिहिलेच पाहिजे, असा चिटणीसबाईंचा आग्रह. पाककृती, भरतकामाचे नमुने आणि कविता देणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मी पडले सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. परंतु दुपारची कामे आटोपली की चरित्रे वाचण्याचा मला नाद आहे. म्हणून एका थोर पुरुषाची हकीकत मला समजली तशी सांगते. ती गोड करून घ्यावी.

एखादा माणूस कोणाची भीडमुर्वत न धरता खरे तेच बोलला, तर तो रामशास्त्री बाण्याचा आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पंचांत बसणाऱ्या मामंजींपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत कोणालाही ही पदवी मिळते. पण हे रामशास्त्री कोण, त्यांनी असे काय केले, हे विचारले तर पुष्कळजणींना एवढेच आठवते की त्यांनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले. काहींनी प्रभातचा १९४४ सालचा रामशास्त्री हा बोलपट पाहिलेला असेल. देहान्त प्रायश्चित्ताची गोष्ट खरी आहेच. परंतु तिच्या मागचे आणि पुढचेही समजले, तर तिच्यातून आपल्याला आजही पुष्कळ घेता येते.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथे १७२० च्या सुमारास रामशास्त्र्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव विश्वनाथ. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली. पुढे ज्याच्या विद्वत्तेपुढे पुण्यातले पंडित मान तुकवणार होते, तो मुलगा विशीच्या घरात येईपर्यंत जवळजवळ अक्षरशत्रूच होता. पोटासाठी तो साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराकडे चाकरीस राहिला. पाणी भरावे, हातपाय धुवायला पाणी घालावे, अशी त्याची कामे.

तेथली एक आख्यायिका सांगतात. सावकार बाहेरून आले आणि राम त्यांच्या पायांवर पाणी घालू लागला. सावकारांच्या कानात मोत्यांची भिकबाळी होती. तिच्यावर त्याची नजर खिळली आणि पाणी भलतीकडेच पडू लागले. सावकारांनी त्याला फटकारले, की अशी भूषणे विद्या करणाऱ्याला नाहीतर तलवार गाजवणाऱ्याला मिळतात, पाणक्याने ती नुसती बघत बसू नये. हे बोलणे मुलाच्या काळजात घुसले. त्याने चाकरी सोडली आणि विद्या शिकण्यासाठी तो काशीला निघून गेला. आख्यायिकेत खरे किती आणि मागाहून भर किती, हे जाणत्यांनी ठरवावे. काशीत बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारख्या गाढ्या पंडितांजवळ त्याने अध्ययन केले, हे मात्र सर्वमान्य आहे. ज्या वयात इतर विद्यार्थी शिकून घरी परततात, त्या वयात त्याने श्रीगणेशा केला आणि तो धर्मशास्त्रात पारंगत झाला. आपल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला येताना ज्या भगिनींना वयाचा संकोच वाटतो, त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

काशीहून परतल्यावर १७५१ साली नानासाहेब पेशव्यांच्या दरबारी शास्त्रीमंडळात त्यांची नेमणूक झाली आणि १७५९ साली ते मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी न्यायाची रीत आजच्याहून निराळी होती. गावातला तंटा आधी पाटील आणि गावची पंचायत यांच्यापुढे जाई. तेथे समाधान झाले नाही तर मामलेदाराकडे आणि शेवटी पुण्याला हुजुरात. दूरदूरचे कज्जे असे पायऱ्या चढत रामशास्त्र्यांपुढे येत. साक्षीपुरावा आणि कागदपत्र पाहून ते निवाडा देत. कोण कोणाचा सोयरा आणि कोणाच्या पाठीशी कोणता सरदार, याची त्यांच्यापुढे मातब्बरी चालत नसे.

एवढ्या अधिकाराच्या माणसाच्या घरी सोन्याचा धूर निघायला हरकत नव्हती. परंतु आपल्या घरात एका दिवसाला पुरेल एवढाच शिधा ठेवायचा, असा त्यांचा नेम होता. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने तो नोंदून ठेवला आहे. हे वाचताना माझ्या मनात पहिल्याने शास्त्रीबुवांच्या कुटुंबाचा विचार आला. अवेळी पाहुणा आला म्हणजे त्या माउलीची काय तारांबळ होत असेल, हे आपणा बायकांनाच कळेल. नेम पुरुषाचा आणि तो पाळायचा चुलीपुढे बसणाऱ्या बाईने, हे जुनेच आहे. तेव्हा रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेत त्यांच्या पत्नीचाही मोठा वाटा धरायला हवा.

याच माउलीची आणखी एक गोष्ट सांगतात. एकदा ती वाड्यात हळदीकुंकवाला गेली असता पेशव्यांच्या पत्नीला तिचा साधा वेष पाहून वाईट वाटले. तिने तिला उंची वस्त्रे नेसवली, अंगावर दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठवले. पालखी दाराशी आली तेव्हा शास्त्रीबुवांनी भोयांना सांगितले, की तुम्ही घर चुकलात, एवढ्या थाटाची बाई गरीब शास्त्र्याच्या घरची असणार नाही. बाईने काय ते ओळखले. ती परत गेली, दागिने आणि वस्त्रे उतरवून ठेवली, आणि आपल्या जुन्या लुगड्यात पायी घरी आली. मला ही गोष्ट प्रथम जरा कठोर वाटली होती. चारचौघींत मिरवायची हौस कोणाला नसते? पण विचार करता वाटते, की दागिने देणाऱ्या घराचाच तंटा उद्या न्यायाधीशापुढे आला असता, तर आज घेतलेली पाटली उद्या जिभेवर वजन होऊन बसली असती.

दक्षिणेची गोष्टही अशीच आहे. दरवर्षी श्रावणात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. वाटपाचे काम रामशास्त्र्यांकडे होते. एकदा त्यांचा सख्खा भाऊच रांगेत आला. शेजारी नाना फडणीस बसले होते. शास्त्रीबुवांचा भाऊ म्हणून याला वीस रुपये द्यावे, असे त्यांनी सुचवले. रामशास्त्री म्हणाले, की याची विद्या बेताची आहे, इतरांसारखेच याला दोन रुपये मिळतील, भाऊ म्हणून मला जे द्यायचे ते मी माझ्या पदरचे देईन. सरकारची तिजोरी आणि आपला कनवटीचा पैसा यांत त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही.

१७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा घात झाला. त्याच वर्षी नानासाहेब निवर्तले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. हा पेशवा करडा, कष्टाळू आणि प्रजेची काळजी वाहणारा होता. बिगार म्हणून रयतेला फुकट राबवण्याची वाईट चाल तेव्हा होती. ती माधवरावांनी बंद केली आणि वसईचे सुभेदार विसाजीपंत यांनी बिगारीने वाहून आणवलेला माल पकडून हुकूम खरा करून दाखवला. अशा धन्यालाही रामशास्त्री दोन शब्द ऐकवायला कचरले नाहीत. मध्यंतरी माधवराव जपजाप्यात फार वेळ घालवू लागले. कामकाजासाठी आलेली माणसे तिष्ठत राहू लागली. एकदा शास्त्रीबुवा आले तेव्हाही पेशवे ध्यानस्थच होते. दुसरे दिवशी ते काशीस जाण्याची परवानगी मागायला हजर झाले. माधवरावांनी झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली, तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट सांगितले, की राज्य चालवायचे पत्करले त्याने रयतेचे हित हाच आपला धर्म मानला पाहिजे, जपतपच करायचे असेल तर गादी सोडावी आणि दोघांनी मिळून गंगाकाठी जावे. माधवरावांनी राग धरला नाही. त्यांनी तो परिपाठ सोडला. सांगणाऱ्याचे धैर्य थोर, तसे ऐकून घेणाऱ्याचे मनही थोर म्हटले पाहिजे.

परंतु ऐकून घेणारा राजा सदाच मिळतो असे नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या. गादीवर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव बसला. चुलते राघोबादादा म्हणजे रघुनाथराव पराक्रमी, पण महत्त्वाकांक्षी आणि हलक्या कानाचे. त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलेले होते. ३० ऑगस्ट १७७३ हा दिवस उजाडला. गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी अनंतचतुर्दशी. दुपारी सुमेरसिंग वगैरे गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून हत्यारांसह वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेला आणि त्याने काकांना मिठी मारली. इमानी सेवक चाफाजी टिळेकर धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही कापून काढले. ज्याच्या गळ्यात मिठी मारली, त्याच्याच पायांशी तो मुलगा मेला. पेशव्याच्या वाड्यात, भर दिवसा हे घडले.

राघोबादादा पेशवे म्हणून कारभार पाहू लागले. साताऱ्याहून वस्त्रे आणवली. दरबार भरू लागला, मुजरे होऊ लागले. मनातून सर्वांना ठाऊक होते, पण प्रत्येकाला आपले घरदार आणि वतन होते. अशा वेळी रामशास्त्र्यांनी कोणाच्या सांगण्याची वाट न बघता आपले काम सुरू केले. खून झाला आहे, मी न्यायाधीश आहे, तेव्हा चौकशी करणे माझे कर्तव्य आहे, इतका साधा त्यांचा विचार होता. त्यांनी साक्षीपुरावे गोळा केले. कटात लहानमोठी पन्नासाच्या घरात माणसे निघाली आणि धागा जाऊन पोचला तो खुद्द राघोबादादांपर्यंत.

येथे एका गोष्टीकडे आपण स्त्रियांनी लक्ष द्यावे असे मला वाटते. राघोबादादांनी नारायणरावास धरावे असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी ध चा मा केला, ही कथा घरोघरी आहे. नवऱ्याच्या हुकमातले एक अक्षर बदलून बाईने खून करवला, असे म्हणून तिच्या नावाचा वाक्प्रचारच होऊन बसला. परंतु आनंदीबाईंनी तसे अक्षर बदलले याला अस्सल कागदाचा भक्कम आधार नाही, असे इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. त्या निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही, तेवढे माझे वाचन नाही. पण पुराव्यावाचून दोष माथी मारू नये, हाच रामशास्त्र्यांचा धडा आहे. तो आनंदीबाईंनाही लागू करायला हवा, आणि पाणवठ्यावर आपण ज्या शेजारणीविषयी बोलतो तिलाही.

चौकशी पुरी झाल्यावर रामशास्त्री राघोबादादांसमोर उभे राहिले आणि त्यांनी आरोप तोंडावर सांगितला. धरण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नव्हे, असे दादा म्हणाले. मग झाल्या पातकाला प्रायश्चित्त कोणते, असे त्यांनी विचारले. काही दानधर्म, काही जपजाप्य, काही तीर्थयात्रा असे शास्त्रीबुवा सांगतील अशी त्यांची अपेक्षा असावी. रामशास्त्र्यांनी सांगितले, की या पातकाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. पुढे हेही सांगितले, की तुमच्या हातून आता राज्याचे कल्याण होणे नाही आणि तुम्ही गादीवर आहात तोवर मी तुमची चाकरी करणार नाही, पुण्यात पाऊलही टाकणार नाही. एवढे बोलून ते निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

ही हकीकत ऐकताना आपल्या अंगावर रोमांच उभे राहतात आणि गोष्ट येथेच संपवावीशी वाटते. पण मला नेहमी प्रश्न पडे, की पुढे काय? निकाल लागला, पण शिक्षा झाली का? नाही झाली. रामशास्त्र्यांच्या हाती शिपाई नव्हते. पेशव्याने न्यायाधीशाचे ऐकलेच पाहिजे असे कोठे लिहून ठेवलेले नव्हते. न्यायाधीशाला नेमणारा पेशवा आणि काढणाराही पेशवाच. तेव्हा शास्त्रीबुवांच्या हाती एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे नोकरी टाकून चालू लागणे. ती त्यांनी केली.

तरीही त्यांचा शब्द वाया गेला नाही. जे सर्वांच्या मनात होते, ते एकाने उघड सांगितले म्हणजे दुसऱ्यांनाही बळ येते. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभारी एकत्र आले. त्यालाच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुरंदर गडावर सुरक्षित नेले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. वैधव्याचे दुःख पोटात आणि त्याच पोटात राज्याचा वारस, अशा अवस्थेत त्या कोवळ्या मुलीने गडावर दिवस कसे काढले असतील? राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ साली सुरतेला तह केला आणि परक्यांना घरात घेतले. त्यातून मराठ्यांचे इंग्रजांशी पहिले युद्ध झाले, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले. दादा १७८३ साली कोपरगावी वारले. खुनातले काही गुन्हेगार मात्र सापडले आणि त्यांना देहान्त शिक्षा झाली.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावले. ते आले आणि पुन्हा न्यायासनावर बसले. सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांची लहान मुलगी विधवा झाली, तेव्हा तिचा पुनर्विवाह करावा की काय याविषयी भाऊंनी विचारणा केली आणि रामशास्त्र्यांनी अनुकूल मत दिले, असे सांगतात. घरच्यांच्या आणि समाजाच्या भीतीने तो विवाह झाला नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी एका शास्त्र्याने त्या पोरीच्या बाजूने शब्द टाकला, ही आठवणही मोलाची आहे. तरीही त्या काळाला उगीच सोन्याचा मुलामा देऊ नये. त्या वेळचे शास्त्र माणसाची जात पाहून दंड ठरवी. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना आणि बायकांना त्यात समान हक्क नव्हता. रामशास्त्री स्वतः कितीही सरळ असले, तरी हातातले मापच वाकडे होते.

१७८९ साली रामशास्त्री वारले. त्यांच्यामागे दोनच वर्षांनी पुण्यात जे झाले, ते मला फार बोलके वाटते. शहराचा कोतवाल घाशीराम सावळदास हा नाना फडणिसांच्या मर्जीतला. त्याच्या जुलमाची दाद लागत नसे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी परगावचे काही ब्राह्मण पकडून एका कोंदट जागेत कोंडले. गुन्हा शाबीत झालेला नाही, कोणापुढे उभे केले नाही, चौकशी नाही. आत गुदमरून वीसहून अधिक माणसे मेली. मग शहर खवळले. जमाव न्यायाधीश अय्याशास्त्री यांच्या दाराशी गेला, नानांना घाशीरामास जमावाच्या हवाली करावे लागले, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. तोही न्याय नव्हेच. रामशास्त्री असते तर हे टळले असते की नाही, कोणी सांगावे? पण एका माणसाच्या धाकावर चालणारा न्याय त्या माणसाबरोबर चितेवर जातो, हे यातून दिसते.

नवल असे, की त्याच वर्षांत साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवणे चालू होते. इंग्रजांचे जू झुगारून दिलेल्या त्या लोकांनी १७८७ साली फिलाडेल्फिया शहरी जमून राज्यघटना लिहिली. कायदे एकाने करावे, अंमल दुसऱ्याने करावा, न्याय तिसऱ्याने द्यावा, म्हणजे सगळी सत्ता एका मुठीत जाणार नाही, अशी त्यांनी व्यवस्था केली. लोकांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. सरकारने काय करू नये, तेही लिहून द्या, असे ते म्हणू लागले. १७८९ साली, म्हणजे रामशास्त्री वारले त्याच वर्षी, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, आणि जेम्स मॅडिसन यांनी पुढाकार घेऊन हक्कांची यादी तयार केली. १७९१ च्या डिसेंबरात तिच्यातली दहा कलमे पक्की झाली. कायद्याच्या रीतीवाचून कोणाचा जीव, स्वातंत्र्य वा मालमत्ता सरकारने घेऊ नये, असे त्यांत आहे. घाशीरामाच्या कोठडीत माणसे गुदमरली, तेही हेच वर्ष. अर्थात तेथेही काळ्या गुलामांना या हक्कांचा वारा लागला नाही आणि तेथल्या स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडले. म्हणजे कागदही पहिल्या दिवसापासून पुरा नसतो.

आपल्याकडे ते लिहून व्हायला १९५० साल यावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मसुदा केलेली घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. स्त्री असो पुरुष असो, जात कोणतीही असो, कायद्यापुढे सर्व समान, असे तिने सांगितले. वाकडे माप सरळ झाले ते तेव्हा. पोलिसांनी कोणाला पकडले तर सामान्यतः चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे, असे तिच्या बाविसाव्या कलमात आहे. सरकारने हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट बत्तिसाव्या कलमाने दिली. हे कलम बाबासाहेबांना साऱ्या घटनेचा प्राण वाटत असे. रामशास्त्र्यांच्या हाती जे नव्हते, ते असे आपल्या हाती आले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सरकारविरुद्ध दाद मागायची झाली, तर नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे.

मग आता रामशास्त्र्यांची गरज उरली नाही काय? तसेही नाही. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली आणि हजारो लोक चौकशीवाचून तुरुंगात गेले. सरकारने आपल्याला का डांबले हे न्यायालयात विचारता येईल काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी नाही असा निकाल दिला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. वाईजवळच्या खेड्याकडे निघालेल्या शास्त्रीबुवांचीच ही वाट. फरक इतकाच, की या वेळी हाती कागद होता. १९७८ साली घटनेत दुरुस्ती होऊन जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येऊ नये अशी तरतूद झाली. म्हणजे कागदाला माणूस लागतो आणि माणसाला कागद लागतो. पोळपाटावाचून लाटणे आणि लाटण्यावाचून पोळपाट कामाचे नाही, तसेच हे.

कोणी म्हणेल, पुण्याच्या पेशवाईचे आपल्याला काय? त्या काळी आपला वऱ्हाड निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दुहेरी अमलाखाली होता. दोघेही वसूल नेत, आणि दाद कोणाकडे मागावी हे रयतेला कळत नसे. इंग्रजी अमलात रानातले गवतही सरकारचे झाले. तेव्हा १० जुलै १९३० रोजी वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी येथे पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. कायदा जाणणाऱ्या वकिलाने कायदा उघडपणे मोडला आणि शिक्षाही मान खाली न घालता सोसली. सत्तेलाही मर्यादा असते, हे सांगणारी माणसे आपल्या मातीतही झाली आहेत.

भगिनींनो, राज्यकारभार आपल्या हाती नाही, पण मंडळ आहे, बचत गट आहे आणि पुष्कळजणी ग्रामपंचायतीतही बसतात. हिशेबाची वही दरसाल सर्वांसमोर वाचली जावी, अध्यक्षाबाई कितीही प्रेमळ असल्या तरी नियम त्यांनाही लागू असावा, आणि एखादीने उठून हा खर्च कशाचा असे विचारले तर तिला कोणी भांडकुदळ म्हणू नये, एवढे आपण नक्कीच करू शकतो. खजिनदारीणबाई आपल्या जाऊबाई असल्या तरी दोन रुपयांच्या जागी वीस लिहिले जाऊ नयेत. घरातही मोठ्यांचा मान राखून, लेकीसुनेवर अन्याय होत असेल तर एकीने तरी शब्द टाकावा. रामशास्त्री बाणा म्हणतात तो यापेक्षा निराळा नसावा.